रोशनीचं भाषण

१ जुलै

शाळा सुटताना संस्थेची नोटीस फलकावर लागली. दिवाळीच्या सुट्टीपासून मुलींचं वसतिगृह बंद. कारण लिहिलंय, ‘इमारतीचा अधिक योग्य वापर’. योग्य म्हणजे काय, हे पंचवटीतला कुठलाही रिक्षावाला सांगेल. कुंभमेळा तोंडावर आलाय आणि वसतिगृह नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे भक्तनिवास होणार. जिथे पेठ-सुरगाण्याच्या मुली दहावीचा अभ्यास करतात तिथे गाद्या भाड्याने मिळणार.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी नोटिशीबद्दल हळहळ व्यक्त केली आणि चहा घेतला. मी उभी राहिले. म्हटलं, या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिकांना एका सकाळी प्रयोगशाळेत दोन मुली झोपलेल्या सापडल्या होत्या. डोंगरातून चालत आलेल्या. बाईंनी त्यांना उठवलं नाही, प्रयोगशाळा दुसऱ्या खोलीत हलवली. वसतिगृह असं सुरू झालं. ते आपण चहा पिता पिता बंद होऊ देणार का?

मुख्याध्यापक म्हणाले, “पगारे मॅडम, तुमचा नववीचा तास आहे ना?”

घरी नवऱ्याला, अमोलला, सांगताना आवाज चढला. तो अंबडच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेला, डोळे मिटत होते. “घरात तरी माइक बंद ठेव गं,” म्हणाला. मग कूस बदलून, “पण बरोबर बोललीस.”

मी हे होऊ देणार नाही. लिहून ठेवते.


८ जुलै

आज परिपाठ दहावी ‘ब’कडे होता. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला आणि बोधकथेला रोशनी उभी राहिली. वसतिगृहातली आहे, पेठच्या अलीकडे पाड्यावर घर. लिहून आणलेला कागद तिला सापडेना. वर्गशिक्षक डोळे वटारायला लागले तर ही म्हणाली, “मग मी आमचे घरचं सांगते.” आणि सुरूच झाली.

“माझी बहीण मोहिनी. आठवीत तिची शाळा सुटली. आई-बा भात कापून झालं की दिंडोरीकडे द्राक्षाचे बागेत जातात. लहान भावाला सांभाळायला कोणी नाय, म्हणून ती पण गेली. आता तिचं लगीन झालं, पोर झालं, ती पण बागेतच कामाला हाय. द्राक्ष भरायचे खोके असतात, त्यांच्यावर छापलेलं असतं ना, ते ती जेवणाचे सुट्टीत वाचते. खोका फिरवून चारी बाजू वाचते. मी म्हटलं, ताई, रोज तेच तर हाय, काय वाचतेस? तर म्हणाली, विसरू नये म्हणून.”

आमच्या मैदानावर सकाळी अडीच हजार मुलं उभी असतात. पाठीमागच्या रांगांत कायम चिमटे, कुजबुज, चपला ओढणं चालू असतं. आज कोणी हललं नाही. शिपाई घंटेचा दांडा हातात घेऊन तसाच उभा होता.

ही मुलगी कच्चं सोनं आहे. घरी आल्या आल्या अमोलला सगळं सांगितलं. हिला घडवायचं.


१९ जुलै

पालकांचा हरकतीचा अर्ज गेला. शिक्षण कार्यालयात सुनावणी होणार, संस्थेची बाजू आणि आमची. संस्था वकील देणार हे उघड आहे. आमच्याकडून मी बोलेनच, पण एका मुलीनेही बोलावं असं माझ्या मनाने घेतलं आहे.

रोशनीला वाचनालयात बोलावलं. दाराच्या बाहेर सायली कान लावून उभी होती, तिची मैत्रीण. तिला आत घेतलं.

“वसतिगृहाच्या वतीने तू बोलायचंस.”

“मी? काय बोलू मॅडम?”

“मी लिहून देते.”

“खोक्याचं सांगू?”

सायली म्हणाली, “ते सांग ना, मला त्या दिवशी रडायलाच आलं.”

तिथेच मी दोघींना थांबवलं. रडायला येतं म्हणूनच ते नको. लोक हळहळतात, डोळे पुसतात आणि घरी जातात. दया वाटली म्हणून आजवर कोणी कोणाला हक्क दिलेला नाही. माझे वडील भीमजयंतीला मला टेबलावर उभं करायचे आणि सांगायचे, मागायचं ते मान वर करून, स्वच्छ शब्दांत. त्या शब्दांवर मी इथवर आले. रोशनीही येईल. अधिकाऱ्यांसमोर डोंगरातली बिचारी मुलगी उभी राहणार नाही. नागरिक उभी राहील.

जाताना मी सहज विचारलं, वसतिगृह बंद झालं तर घरचे काय म्हणतात? ती म्हणाली, “आई म्हणते बागेत चल, एक हात वाढंल.”

म्हणजे दहावीची परीक्षा नाही. भाषण आणखी धारदार करायला हवं.


२ ऑगस्ट

भाषण गेल्या आठवड्यातच लिहून झालं. शाळेचा इतिहास, भाजीबाजारातल्या बायकांनी विटा वाहून बांधलेली पहिली भिंत, शिक्षणाचा हक्क, घटनेतली कलमं, शेवटी अधिकाऱ्यांना थेट आवाहन. खोक्याचा परिच्छेद एकदा आत घेऊन पाहिला. बाकीच्या भाषेत तो बसेना, काढून टाकला.

नेहमीच्या पद्धतीने तांबड्या शाईने हाताच्या खुणा आणि निळ्याने श्वास. वक्तृत्वाला मी मुली अशाच बसवते. जिल्ह्याची ढाल आमच्या कपाटातून हलत नाही ती काही नशिबाने नाही.

मधल्या सुट्टीत सराव.

“‘हाय’ नाही, ‘आहे’.”

“आहे.”

“‘आमचे वसतिगृहात’ नाही. ‘आमच्या’.”

“आमच्या.”

सायली खिडकीत बसून पेरू खात म्हणाली, “मॅडम, ही आता घरी गेली तर हिची आई ओळखणार नाय.” तिघी हसलो. रोशनी जरा उशिरा हसली.

पाठांतर विलक्षण आहे. दोन पानं आठवड्यात तोंडपाठ. फक्त मध्ये अडकली की पुढचं सापडत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं. होतं असं. सरावाने जाईल.


१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला तिला बोलू दिलं, सुनावणीची रंगीत तालीम म्हणून. एकही चूक नाही. हात जिथे उचलायचा तिथेच उचलला. पाहुणे म्हणाले, “पगारे मॅडम, डोळे मिटले तर वाटतं तुम्हीच बोलताय.” सकाळभर मी त्याच आनंदात होते.

नंतर वसतिगृहाच्या स्वयंपाकीण कुसाबाई मला नळाशी गाठून म्हणाल्या, “बाई, पोरीनं आताच उलटी काढली. चार दिस झाले, ताट तसंच सारते. जेवताना बी ओठ हालतात तिचे.”

मी म्हटलं, ऊन लागलं असेल, लिंबूपाणी द्या. आणि ओठ हलणं चांगलंच आहे, मीही लहानपणी अशीच होते.

“तुमी व्हता तशा,” कुसाबाई म्हणाल्या, “पर तुमी तुमच्या घरी व्हता.”

त्यांना वक्तृत्वातलं काय सांगायचं.


२४ ऑगस्ट, रविवार

रोशनीला घरी आणलं. आधी पोटभर जेवू घातलं. मटण केलं होतं. अमोलने स्वतः वाढलं. तो तिला कंपनीतल्या गमती सांगत होता. मशीन बंद पडलं की साहेब येऊन त्याला लाथ मारतो आणि ते सुरू होतं. ती खळखळून हसली. तिने पाड्यावरच्या पिठाच्या गिरणीची गोष्ट सांगितली. गिरणीवाला चाकाला शिव्या देतो आणि मग चाकाची माफी मागतो, ते तिने हुबेहूब करून दाखवलं. अमोलला ठसका लागला.

मग मी म्हटलं, चल, वेळ जातोय. ती उठली, भिंतीशी सरळ उभी राहिली आणि भाषण केलं. अप्रतिम.

तिला वसतिगृहात सोडून आल्यावर अमोलला विचारलं, कसं वाटलं? तो बराच वेळ चमचे पुसत होता.

“खोक्याचं कुठे गेलं?”

“काढलं.”

“का? तू मला सांगितलं होतंस ना ते. मी लाइनवरच्या चार जणांना सांगितलं. एकाने तर घरी जाऊन पोरीची फी भरली.”

“तेच म्हणते मी. भावनेच्या भरात माणूस फी भरतो. निर्णय घेत नाही.”

“हं,” तो म्हणाला. त्याला नाही पटलं. तंत्रज्ञ माणूस आहे, यंत्राचं कळतं त्याला.


३ सप्टेंबर

सराव संपल्यावर सगळ्या मुली गेल्या, रोशनी रेंगाळली. बाकावरची खडूची पूड बोटाने गोळा करत राहिली.

“मॅडम, मी तिथे माझं सांगू का?”

“हे तुझंच आहे. तुझ्यासाठीच तर लिहिलंय.”

“हो,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तिथल्या अधिकारी बाई काही इचारतील तर?”

“विचारणार नाहीत. निवेदन ऐकून घेतात. आणि विचारलंच तर यातच उत्तर आहे सगळ्याचं.”

मान हलवून गेली. थोडी घाबरली आहे. मोठ्या प्रसंगाआधी घाबरायलाच हवं, त्याने धार येते.


११ सप्टेंबर

लिहायचं आहे. जसं झालं तसं लिहिते.

अधिकारी बाई वयाने माझ्याएवढ्याच. दमलेला पण चांगला चेहरा. आधी संस्थेचे वकील बोलले: इमारत जुनी, मुलींना घराजवळच्या आश्रमशाळांत सोय होईल. मग मी बोलले. बाईंनी मुद्दे टिपून घेतले. मग म्हणाल्या, “मुलींचं मला ऐकायचं आहे. कोण आलंय?”

रोशनी पुढे गेली. इस्त्रीचा गणवेश, दोन वेण्या. बाई पुढे वाकल्या. किती मऊ आवाजात बोलल्या त्या. “बस बाळा. घाबरू नको. मला एवढंच सांग, वसतिगृह बंद झालं तर तू काय करशील?”

रोशनी बसली नाही. तिने हात बाजूला घेतले आणि सुरू केलं, “आदरणीय अध्यक्ष महोदया, उपस्थित मान्यवर आणि माझ्या न्यायप्रिय…”

“ते राहू दे,” बाई म्हणाल्या. “साधं सांग. घरी कोण कोण असतं?”

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी मानेने ‘चालू ठेव’ म्हटलं. मला काय वाटत होतं? की सुरू झाली की सावरेल. ती परत पहिल्यापासून, “आदरणीय अध्यक्ष महोदया…” पहिल्या भिंतीपर्यंत आली आणि शब्द गेला. परत पहिल्यापासून. वकील हळूच म्हणाले, “टेप मागे जातेय, मॅडम.” कोणीतरी हसलं.

रोशनीचे कान लाल झाले होते. तिने एकदा तोंड उघडलं, काहीतरी वेगळंच येणार होतं असं मला वाटलं, “माझे बहि…” एवढंच आलं. तिने लगेच स्वतःला दुरुस्त केलं. “माझ्या.” आणि तिथेच थांबली.

बाई आता तिच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. “पगारे मॅडम,” त्या म्हणाल्या, “तुमचे ओठ हलताहेत.”

हलत होते. पुढचं वाक्य मी म्हणत होते, आवाज न करता. वर्षानुवर्षांची सवय. मुलगी मंचावर असली की मी खाली बसून म्हणते.

“या वयाच्या मुलीला असं पढवून आणणं बरं नाही,” बाई म्हणाल्या, आणि टिपणवही मिटली. त्या रागावलेल्याही नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं होतं. आमच्याबद्दल नाही, आमच्यामुळे.

रिक्षात रोशनी माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, असू दे, चूक तुझी नाही, त्या वकिलाने मुद्दाम विचलित केलं. शाळेच्या फाटकाशी उतरताना ती म्हणाली, “सॉरी मॅडम.”


१२ सप्टेंबर

वकील तर हलकट होताच. पण निवेदन पूर्ण ऐकून न घेणं हेही नियमाला धरून नाही. मी पुन्हा लेखी मागणी केली आहे.

अमोल काही बोलत नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.


२६ सप्टेंबर

निर्णय आला. वसतिगृह बंद करायला मान्यता. एक वाक्य मी चार वेळा वाचलं: ‘विद्यार्थिनीचे म्हणणे स्वतःचे असल्याचे दिसून आले नाही.’

स्टाफरूममध्ये मी आज काही बोलले नाही. नववीच्या तासाला धडा मुलांना मनात वाचायला सांगितला आणि खिडकीशी उभी राहिले. खाली मुली खो-खो खेळत होत्या. रोशनी खांबाशी बसून दुसऱ्यांची दप्तरं सांभाळत होती. पूर्वी ती पळायची. इतकी पळायची की क्रीडाशिक्षक तिला तालुक्याला न्यायचं म्हणत होते. सरावाची वेळ एकच असल्यामुळे जुलैत मीच तिला खो-खोतून काढलं होतं.


१५ ऑक्टोबर

वसतिगृह रिकामं झालं. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, दोरीने बांधलेली पुस्तकं. आई-बाप आले, काहींचे मामा आले. कुसाबाईंनी शेवटचा स्वयंपाक केला आणि पातेली स्वतः घासली, कोणाला हात लावू दिला नाही. सायलीने रडून गोंधळ घातला. तिला चुलत्यांकडे सातपूरला खोली मिळाली आहे, ती शिकेल.

रोशनीचे वडील पुंजा तिला न्यायला आले. मला हात जोडले. “लय केलं मॅडम तुम्ही पोरीसाठी,” म्हणाले. मनापासून म्हणाले, त्यानेच मला तिथे उभं राहवेना. परीक्षेचा अर्ज मी भरून ठेवते, फेब्रुवारीपर्यंत काहीतरी सोय करते, असं मी म्हणत राहिले. रोशनी पेटीवर बसून कुलूप लावत होती. लागत नव्हतं. मी वाकले तर म्हणाली, “जमंल मला.”


१६ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं. तिला आमच्याकडेच ठेवायचं. अमोल ‘हो’ म्हणाला, लगेच. माझ्याआधीच त्याच्या मनात होतं असं दिसलं.

पेठची एसटी घेतली. सावळघाट उतरल्यावर पुढे एका फाट्यावर उतरून चालत गेले. भात कापून झालेलं, शेतं मोकळी. उद्या बागेची गाडी येणार होती, त्याच्या आत पोहोचायचं होतं.

पाड्याच्या कडेला हातपंप आहे. तिथे सात-आठ बायका-मुली हंडे ठेवून हसत होत्या आणि मध्ये पाठमोरी रोशनी. ती सुनावणी सांगत होती. तिच्या बोलीत, भरभर; मला नकलांवरूनच उमगलं. वकिलाचं पोट पुढे काढून चालली. अधिकारी बाईंचा मऊ आवाज काढला. मग ती एका दगडावर बसली, मान ताठ केली आणि आवाज न काढता ओठ हलवायला लागली, डोळे मोठे करून. बायका सगळ्यात जास्त त्यालाच हसल्या. ती नक्कल कोणाची होती, हे मला जरा वेळाने कळलं.

पण मग हसू थांबलं, कारण तिने मोहिनीचं सांगायला घेतलं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून उभी राहिली. मी इतकी वर्षं मुलींना सांगते की सभा मुठीत कशी घ्यायची. ती सभा रोशनीने नुसता हंड्यावर हात ठेवून मुठीत घेतली होती.

कोणीतरी मला पाहिलं. रोशनी वळली. ताबडतोब गप्प झाली, सरळ उभी राहिली, हात बाजूला. “नमस्कार मॅडम.”

घरी तिची आई नवसाबाई होत्या. गोणीवर बसवलं, कोरा चहा पुढे ठेवला. मी सांगितलं, रोशनीला माझ्या घरी ठेवते, दहावी होऊ दे, पुढचंही मी बघते, तुम्हाला काही करावं लागणार नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पुंजा म्हणाले, “आम्ही काय नको म्हणू? तिला इचारा. ती म्हनंल तसं.”

रोशनी दाराच्या खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याशी बोलले. मनापासून बोलले. परीक्षेबद्दल, मोहिनीबद्दल, एका वर्षाने आयुष्य कसं बदलतं त्याबद्दल, आमच्या घरातल्या तिच्या खोलीबद्दल. कुठल्याही मंचावर मी इतकं चांगलं बोलले नसेन. ती ऐकत होती. मध्ये एकदाही नजर हलवली नाही. सरावाला ऐकायची तशीच, शेवटपर्यंत.

“झालं का मॅडम?”

“हो.”

“मी नाय येत.”

रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने कोपऱ्यातला हंडा उचलला, माझ्या बाजूने जाताना अंग चोरलं, धक्का लागू नये म्हणून, आणि पंपाकडे गेली.

थोड्या वेळाने तिकडून पुन्हा तिचा आवाज यायला लागला. मी दारात जाऊन ऐकत राहिले. सुटे शब्द कळत होते, वाक्यं कळत नव्हती. ती बोली मला येत नाही. मी नवसाबाईंना विचारलं, काय सांगतेय ती आता?

त्यांनी कान दिला. जरा लाजल्या.

“तुमचंच सांगते. म्हणं, मॅडम लय चांगल्या हायत. एवढ्या लांबून आल्या आनि चहा तसाच ठेवला.”

मी आत येऊन बसले आणि तो चहा प्यायले. नवसाबाई म्हणाल्या गरम करून देते. मी नको म्हटलं.